हातांतला स्कॅनर : घरीं, शेतावर व वाटेवर

हल्लीं घरबसल्या मागविलेल्या जिनसांबरोबर लहान लहान बिनतारी यंत्रेंहि आपल्या खेड्यांत येऊं लागलीं आहेत. गंगापूर, वैजापूर, पैठण या बाजूस तरुण मुलांच्या हातांत वीतभर उंचीचें, आखूड एरियलचें व आंकड्यांच्या बटणांचें यंत्र मधून मधून दृष्टीस पडतें. कोणी त्यास वॉकी-टॉकी म्हणतो, कोणी स्कॅनर म्हणतो. तें पाहून संघाच्या कांहीं सभासदांनीं मजकडे तीन प्रश्न विचारले. हें यंत्र शेतकऱ्याच्या उपयोगाचें आहे काय? तें घरांत बाळगण्यास कायद्याची हरकत आहे काय? आणि पावसाची व विजेची आगाऊ खबर त्यावर मिळते काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मला अनुभवानें व थोड्या वाचनानें जशीं कळलीं तशीं येथें देतों.

माझ्या पुतण्यानें गतवर्षीं असें एक यंत्र मागविलें. अमेरिकेंतील एक शेतकरी ट्रॅक्टरवर बसून अशाच यंत्रावर वादळाची सूचना ऐकत आहे, असें चित्र त्यानें मोबाइलवर पाहिलें होतें. यंत्र आलें, चार दिवस तो तें घेऊन गच्चीवर, विहिरीवर व बांधावर फिरला. खरखर आणि मधूनच तुटक शब्द यांपलीकडे कांहीं हातीं लागलें नाहीं. पांचव्या दिवशीं एका जाणत्या गृहस्थानें सांगितलें कीं, हें यंत्र केवळ ऐकण्याचें नसून बोलण्याचेंहि आहे व परवान्यावांचून तें जवळ ठेवणें गुन्हा आहे. विकणारानें यांतलें एक अक्षरहि कळविलें नव्हतें. पैसे गेले, आणि मुलगा घाबरला तो निराळाच. असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊं नये, हाहि या लेखाचा एक हेतु आहे.

स्कॅनर म्हणजे काय

स्कॅनर हें मुळांत एक रेडिओ-ग्राहक यंत्र आहे. साध्या रेडिओंत आपण कांटा फिरवून एक केंद्र लावतों व तेथेंच थांबतों. स्कॅनर हें काम स्वतः करतो. त्याच्या स्मरणांत शेंपन्नास कंपनांक भरून ठेवले म्हणजे तो एकामागून एक प्रत्येकावर क्षणभर डोकावतो. जेथें कोणी बोलत असेल तेथें थांबतो, बोलणें संपलें कीं पुढें चालूं लागतो. रात्रीं राखण करणारा गडी जसा बांधाबांधानें फिरतो आणि जेथें सळसळ ऐकूं येईल तेथें उभा राहतो, तशीच ही रीत आहे.

कोणी बोलत आहे कीं नुसती खरखर आहे हें यंत्रास कळावें म्हणून त्यावर स्क्वेल्च नांवाची एक कळ असते. तिनें उंबरठा ठरतो. त्याहून दुबळी लहर आली तर यंत्र मुकें राहतें. खरखर नुकतीच थांबेल इतपतच ही कळ फिरवावी. ती फार चढविली तर दूरचा क्षीण आवाज बंद होतो, आणि फार उतरविली तर यंत्र पहिल्याच खरखरीवर अडकून बसतें. नवशिका मनुष्य 'यंत्र बिघडलें' म्हणतो तेव्हां बहुधा हीच कळ चुकलेली असते.

परदेशचा उपयोग व आपली स्थिति

अमेरिकेंत या यंत्राचा शेतकऱ्यास खरा उपयोग आहे. तेथील हवामान खातें १६२.४०० पासून १६२.५५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या सात कंपनांकांवर रात्रंदिवस हवेचा अंदाज व वादळाच्या सूचना सांगत असतें. स्कॅनरमध्यें ते सात आंकडे भरले कीं काम झालें. आपल्याकडे या प्रकारची स्वतंत्र बोलती हवामान-वाहिनी नाहीं. येथील अंदाज आकाशवाणीवरून, दूरचित्रवाणीवरून व मोबाइलवरून येतो. म्हणून तिकडचें चित्र पाहून तेंच यंत्र इकडे मागविणें म्हणजे काळ्या रानाचें औत मुरमाड रानांत घालण्यासारखें आहे. औत चांगलेंच असतें, पण रान निराळें.

कायदा काय म्हणतो

या देशांत १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र बाळगणें हाच गुन्हा ठरविला. घरच्या रेडिओसहि त्या काळीं परवाना लागे व दरवर्षीं फी भरून तो नवा करावा लागे. जुन्या घरांतील पेट्यांत ते परवाने अजून सांपडतात. केंद्रांचे सार्वजनिक कार्यक्रम ऐकण्याच्या रेडिओवरील ही अट १९८० नंतरच्या दशकांत उठली. इतर यंत्रांवरील बंधन मात्र उठलें नाहीं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानें तर दुसऱ्याचा निरोप बेकायदा टिपणारास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. हें कलम जून २०२४ पासून अमलांत आहे.

यावरून एक साधा नियम ध्यानांत ठेवावा. जें बोलणें सर्वांकरितां बोललें जातें तें ऐकावें. जें दोघांपुरतें किंवा एखाद्या खात्यापुरतें असतें तें ऐकूं नये. पोलीस, रेल्वे व चिकलठाण्याच्या विमानतळावर उतरणारीं विमानें यांचीं संभाषणें दुसऱ्या प्रकारचीं आहेत. विमानाचा आवाज स्पष्ट ऐकूं येतो म्हणून तो आपल्यासाठीं असतो असें नाहीं. टपालवाल्याच्या हातांतलें पाकीट आपल्या दारावरून जातें म्हणून आपण तें फोडत नाहीं.

खरेदी करतांनाहि सावध असावें. परवान्याची माहिती न देतां वॉकी-टॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारांस केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मे २०२५ मध्यें नोटिसा काढल्या व त्याच महिन्याच्या अखेरीस विक्रीचे नियमहि प्रसिद्ध केले. यंत्र कोणत्या कंपनांकावर चालतें, त्यास परवाना लागतो कीं नाहीं, व सरकारी प्रकार-मान्यतेचें प्रमाणपत्र आहे कीं नाहीं, या तीन गोष्टी विकणारानें लेखी सांगितल्या नाहींत तर तें यंत्र घेऊंच नये.

मग शेतकऱ्यानें काय घ्यावें? माझें मत असें आहे कीं, मध्यम-लहरी व एफ. एम. हे दोन्ही पट्टे असलेला, सेलवर चालणारा व बटण दाबतांच केंद्रें आपोआप शोधणारा साधा खिशांतला रेडिओ घ्यावा. शोधण्याचा गुण त्यांतहि असतो, किंमत थोडी असते, आणि परवाना लागत नाहीं. शेतकऱ्यास महागड्या स्कॅनरपासून जो कायदेशीर लाभ व्हावयाचा, तो जवळजवळ सगळा या रेडिओपासून होतो. पुढील सूचना तोच हातांत आहे असें समजून दिल्या आहेत.

घरीं व शेतावर : विजेची चाहूल

दोन वर्षांपूर्वीं वैशाखांत वळवाच्या सरींत आमच्या शिवारांतील एक बैलजोडी विजेनें गेली. बैल निंबाखालीं बांधलेले होते. गडी दावें आणावयास खोपीकडे गेला होता, म्हणून वांचला. संध्याकाळीं सगळे हळहळत बसले असतां आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, "दुपारपासून रेडिओ नुसता कडकडत होता, गाणें नीट लागेना म्हणून मीच तो बंद केला." ते शब्द माझ्या मनांत रुतून बसले. ज्या कडकडाटास आम्ही बिघाड समजलों, तीच वीज होती.

त्याचें कारण असें आहे. आकाशांत वीज चमकते तेव्हां उजेडाबरोबर रेडिओच्या लहरीहि चारी दिशांस फेंकल्या जातात. त्या लांब लहरींच्या भागांत अधिक जोरदार असतात. मध्यम-लहरींचा रेडिओ आवाजाच्या चढउतारावर चालतो म्हणून तो या लहरी 'कड्-कड्' अशा ऐकवितो. एफ. एम. ची रचना असा खरखराट गाळून टाकण्याची असते. म्हणून गाण्यास एफ. एम. चांगला, पण विजेच्या चाहुलीस मध्यम-लहरच पाहिजे. दहावीस किलोमीटरवरील वीज तर ऐकूं येतेच, पण शेंकडों किलोमीटरवरीलहि ऐकूं येऊं शकते. रात्रीं या लहरी वरच्या वातावरणावरून परावृत्त होऊन फार दूरवरून येतात. म्हणून रात्रींच्या कडकडाटावरून अंतर ठरवूं नये. दिवसाची चाहूल अधिक भरंवशाची असते.

प्रयोग असा करावा. मध्यम-लहरींचा पट्टा ५३१ पासून १६०२ किलोहर्ट्झपर्यंत असतो. त्याच्या खालच्या टोंकाकडे, म्हणजे ५३१ ते ६०० च्या दरम्यान, जेथें कोणतेंहि केंद्र लागत नाहीं अशी जागा शोधावी व आवाज मध्यम ठेवावा. मिनिटांतून एखादाच क्षीण कडाका आला तर वादळ दूर आहे. कडाके दाट व मोठे होत चालले तर तें जवळ येत आहे किंवा वाढत आहे असें समजावें. रेडिओ आडवा धरून गोल फिरविला तर एका स्थितींत कडाका सर्वांत मंद होतो. आंतील फेराइटच्या दांडीचें टोंक त्या वेळीं वादळाच्या रेषेंत असतें. ती रेषा पुढें कीं मागें, हें ढग पाहून ठरवावें लागतें.

विजेचे कडाके व इतर खरखर यांतील भेद ओळखण्यास मात्र शिकलें पाहिजे. मोटारपंपाचा स्टार्टर, एल.ई.डी.चे दिवे, मोबाइलचा चार्जर व सौर पंपाचा नियंत्रक यांची घरघर एकसारखी असते. रानडुकरांसाठीं लावलेल्या झटका-मशीनची टिक्-टिक् घड्याळासारखी ठराविक अंतरानें येते. विजेच्या कडाक्यास असा ताल नसतो. संशय आल्यास रेडिओ घरापासून व तारांपासून पन्नास पावलें दूर नेऊन पाहावा. घरघर कमी होते, वीज तशीच राहते.

वादळ जवळ आलें म्हणजे आणखी एक हिशेब करतां येतो. रेडिओंतील कडाका व विजेचा उजेड हे एकाच क्षणीं येतात. गडगडाट मागून येतो. आवाज तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर जातो. म्हणून कडाक्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनानें भागावें. भर उन्हांत चमक दिसत नाहीं तेव्हांहि या रीतीनें अंतर कळतें. तीस सेकंद किंवा त्याहून कमी मोजले गेले तर वीज दहा किलोमीटरच्या आंत आहे. त्या क्षणीं काम टाकून पक्क्या घरांत किंवा टपाच्या मोटारगाडींत जावें आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. झाडाखालीं उभें राहूं नये व जनावरें झाडास बांधूं नयेत. तारेच्या कुंपणापासून, विहिरीच्या मोटारीपासून व पाण्यापासून दूर राहावें. उघड्या रानांत सांपडल्यास पाय जोडून खालीं उकिडवें बसावें, आडवें पडूं नये. रेडिओस बाहेरची एरियल-तार जोडलेली असल्यास वादळापूर्वींच काढून ठेवावी.

ही चाहूल म्हणजे हमी नव्हे. वादळ डोक्यावरच जमलें तर पहिलीच वीज आपल्या शिवारांत पडूं शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें काढलेलें 'दामिनी' हें मोबाइलवरील साधन २० व ४० किलोमीटरच्या परिघांतील विजेची सूचना देतें. जेथें मोबाइलला रेंज आहे तेथें तें अवश्य ठेवावें. पण डोंगराच्या कुशींतील रानांत, वीज गेलेली असतां व टॉवर बंद पडला असतां, दोन सेलचा रेडिओच काय तो शिल्लक राहतो.

वाटेवर

बाजारास, कारखान्यास किंवा नातेवाईकांकडे जातांना रेडिओ बरोबर असल्यास कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मोटारीच्या लोखंडी पत्र्यानें लहरी अडतात. म्हणून आंत धरलेला रेडिओ मुका वाटतो. खिडकीच्या कांचेजवळ तो धरावा. ट्रॅक्टरवर इंजिनाची व डायनामोची घरघर शिरते. इंजिन बंद करून मग ऐकावें.

एफ. एम. च्या लहरी बहुतांशी सरळ रेषेंत जातात, म्हणून उंचीचें महत्त्व फार. सपाट मुलखांत १०० मीटर उंच माथ्यावरून रेडिओचें क्षितिज सुमारें ४१ किलोमीटरवर असतें. दीड मीटर उंचीवर हातांत धरलेल्या यंत्रास तेंच जेमतेम ५ किलोमीटर असतें. म्हणूनच प्रक्षेपणाचे मनोरे म्हैसमाळसारख्या उंच जागीं बांधतात. कन्नडहून चाळीसगांवकडे औट्रम घाट उतरूं लागलें म्हणजे इकडचें केंद्र वळणावळणावर तुटतें तें याच कारणानें. मध्यम-लहर जमिनीस धरून चालते. ती अशा ठिकाणीं अधिक टिकते, पण रात्रीं तिच्यांत दूरचीं केंद्रें मिसळतात. एफ. एम. ची काडी सुमारें पाऊण मीटर लांब काढल्यास ऐकणें सर्वांत चांगलें होतें. १०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा तो चौथा हिस्सा आहे.

मध्यम-लहरींचीं कांहीं प्रक्षेपणें अलीकडे बंद झालीं आहेत. म्हणून जुन्या तक्त्यावर विसंबूं नये. संभाजीनगर, परभणी, जळगांव यांपैकीं कोणतें केंद्र आपल्या गांवीं, आपल्या मळ्यांत व आपल्या नेहमींच्या वाटेवर कोणत्या आंकड्यावर लागतें, तें स्वतः पाहून वहींत टिपावें. संध्याकाळीं अर्ध्या तासाचें हें काम आहे, आणि अडचणीच्या रात्रीं त्याचें मोल कळतें.

बोलण्याची गरज असल्यास

रात्रींचें पाणी देतांना, बिबट्याचा वावर असलेल्या ऊंसांत किंवा मोठ्या वस्तीवर दोघांस एकमेकांशीं बोलण्याची गरज खरोखरच असते. त्यासाठीं सरकारनें २०१८ सालीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा अरुंद पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यावांचून मोकळा केला आहे. मान्यता असलेलें असें यंत्र उघड्या रानांत किलोमीटर-दोन किलोमीटर काम देतें. उभ्या ऊंसांत त्याहून कमी. दहावीस किलोमीटरची जाहिरात करणारावर विश्वास ठेवूं नये.

ज्यास या विद्येचीच गोडी आहे त्यानें हौशी बिनतारीचा, म्हणजे 'हॅम'चा, परवाना काढावा. बारा वर्षें पुरीं झालेल्या मुलासहि परीक्षा देतां येते. विजेचीं मूलतत्त्वें व नियम हे तिचे विषय आहेत. या हौशीची किंमत मराठवाड्यानें पाहिलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, हजारों माणसें गेलीं व दळणवळण तुटलें; तेव्हां हॅम मंडळींनीं आपलीं यंत्रें तेथें नेऊन निरोप पोंचविण्याचें काम केलें. माझा पुतण्या आतां या परीक्षेचा अभ्यास करीत आहे. घाबरून यंत्र फेंकून देण्यापेक्षां नियमानें शिकणें बरें, असें आम्ही घरांत ठरविलें.

संघानें काय करावें

रेडिओ ऐकणें आपल्या भागास नवें नाहीं. निजामाच्या राजवटींतच औरंगाबादेस ध्वनिक्षेपण केंद्र होतें व १९५० मध्यें तें आकाशवाणीकडे आलें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें रेडिओवरूनच शरणागति जाहीर केली. पुढें १९५६ सालीं पुणें, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर व उत्तर सातारा या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवीं शेतकऱ्यांनीं एकत्र बसून शेतीचे कार्यक्रम ऐकण्याचा व त्यांवर चर्चा करण्याचा प्रयोग झाला. एकट्यानें ऐकलेलें कानाआड होतें, चौघांनीं मिळून ऐकलेलें कामास लागतें, हें त्या लोकांनीं ओळखलें होतें.

माझी सूचना लहान आहे. संघाच्या प्रत्येक गांवशाखेनें सेलवर चालणारा एक मध्यम-लहरींचा रेडिओ घ्यावा. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलपासून मृग लागेपर्यंत, व पुन्हां परतीच्या पावसांत, दुपारीं दोनपासून दिवस मावळेपर्यंत तो चावडीवर किंवा देवळांत चालूं ठेवावा. एकानें त्याकडे कान द्यावा. कडाके दाट झाले कीं घंटा वाजवावी व शिवारांतल्या मंडळींस फोन करावे. घंटा ऐकतांच माणसांनीं झाडें सोडावीं व जनावरें मोकळीं करावीं, एवढाच ठराव गांवानें आधीं करून ठेवावा. खर्च एका रेडिओचा व दोन सेलांचा. आमच्या शिवारांतील ती बैलजोडी या खर्चांत वांचली असती काय, हें आज कोणी सांगूं शकत नाहीं. पण त्या दिवशीं सूचना आमच्या घरांतच आली होती, आणि आम्हीच ती बंद केली, एवढें मात्र खरें. तेव्हां यापुढें वळवाच्या दिवसांत घरांतला रेडिओ कडकडूं लागला तर तो बंद करण्यापूर्वीं एकदां दारांत येऊन आभाळाकडे पाहावें व रानांत गेलेल्या माणसांस हांक मारावी, इतकीच वाचकांस विनंती आहे.